त्या केकचं एवढं काय?

वाचकांचे प्रश्न, लंडनहून उत्तरं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी इस्लामपूरचा निवृत्त शिक्षक. तुमचं सदर नेमाने वाचतो, पण लंडनकरांचं एक कोडं काही उलगडत नाही. बोरिस जॉन्सन यांनी लॉकडाऊनमध्ये वाढदिवसाचा केक कापला, पोलिसांनी 50 पौंड दंड केला. म्हणजे आपले पाचेक हजार रुपये. तेवढ्यावरून देशभर आगडोंब उसळला आणि पंतप्रधानाची खुर्ची गेली म्हणे! इथे 2020 च्या एप्रिलमध्ये दूध आणायला निघालेल्या माझ्या जावयाच्या पोटरीवर काठी बसली. वळ पंधरा दिवस होता. पुढाऱ्यांच्या मांडवात मात्र ती काठी कधी शिरली नाही. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' आम्हाला नवं नाही. दोन दिवस पारावर बोलतो आणि सोडून देतो. तुम्ही तिथे होतात. लोक खरंच इतके चिडले होते, की वर्तमानपत्रांनी त्यांना चिडवलं?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. म्हण तुम्ही अर्धीच लिहिलीत ते बरं केलंत. 'आपण कोरडे पाषाण' हा भाग इथे लागू पडत नाही. हे पाषाण चांगले ओले होते. आपल्याकडे जिला ओली पार्टी म्हणतात, तशा एक नाही, कितीतरी झाल्या.

केक आधी बाजूला ठेवू, त्याने फार घोळ होतो. 19 जून 2020 ला जॉन्सन 56 वर्षांचे झाले आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या खोलीत माणसं जमली, त्याचा तो दंड. त्यांच्या बाजूचे एक खासदार टीव्हीवर म्हणाले की पंतप्रधानांवर केकने जणू दबा धरून हल्ला केला. त्यावर इथे बरेच दिवस विनोद झाले आणि केक अमर झाला. पण केकवरून चिडलेलं माणूस मला भेटलं नाही. माणसं चिडली होती ती तारखांवरून. प्रत्येकाची आपली एक तारीख होती.

माझी 20 मे 2020.

मी मिरजेत नर्सिंग शिकले. इकडे येऊन सत्तावीस वर्षं सरकारी इस्पितळांत काढली आणि 2018 ला निवृत्त झाले. 2020 च्या मार्चमध्ये सरकारने निवृत्त नर्सना परत या म्हटलं. माझा दमा बघून मला वॉर्डात घेतलं नाही, फोनवर बसवलं. बिनखिडकीची खोली, टेबल, फोन आणि माझी दोनशेपानी वही. आत असलेल्यांच्या घरी रोज फोन करायचा आणि सांगायचं: ऑक्सिजन किती लागतोय, दोन घास खाल्ले का, आणि नाही, तुम्हाला येता येणार नाही. तुमच्या जावयाला नियम काठीने सांगितला गेला. मी तोच गोड आवाजात सांगत होते.

एप्रिल अर्धा सरल्यावर आमच्याकडे थोडी मुभा मिळाली. शेवटच्या घडीला घरच्या एका माणसाला आत सोडायचं. एकालाच.

वहीत 20 मे च्या पानावर अकरा फोन आहेत. बुधवार होता, पारा अठ्ठावीसच्या घरात. (मिरजेत ह्याला गारवा म्हणतात, इथे माणसं गवतावर आडवी होतात.) नववा फोन दुपारी साडेतीनचा. तीन बहिणींचे वडील, वय चौऱ्याहत्तर. मोठीला म्हटलं, या, पण एकट्याच या. तिघी आल्या. मोठी आत गेली, दोघी कार पार्कमध्ये गाडीत बसून राहिल्या. साडेपाचला मी खाली गेले, गाडीपासून दोन मीटरवर उभी राहिले. मधलीने काच खाली करून विचारलं, "पाच मिनिटंसुद्धा नाही? आळीपाळीने गेलो तर?" मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, "हा नियम कोणाचा?" मी म्हटलं, "सरकारचा. सगळ्यांना सारखाच आहे."

ती काही बोलली नाही. काच वर केली.

त्याच सुमाराला टीव्हीवर रोजची सरकारी पत्रकार परिषद होती. मंत्री ऑलिव्हर डाउडेन लोकांना सांगत होते की घराबाहेरच्या एकाच व्यक्तीला भेटा, उघड्यावर, दोन मीटर राखून. आणि सहा वाजता पंतप्रधानांच्या बागेत मंडळी जमायला लागली. त्यांच्या मुख्य खासगी सचिवाने शंभरावर लोकांना ईमेल धाडला होता: हवा छान पडलीय, आपापली बाटली घेऊन या. चाळीसेक जण आले. जॉन्सनही पंचवीस मिनिटं होते. पुढे ते संसदेत म्हणाले की मला तो कामाचाच भाग वाटला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तुम्ही 22 मार्चला थाळ्या वाजवल्यात ना, तसं इथे दर गुरुवारी रात्री आठला आमच्यासाठी टाळ्या वाजत. त्या गुरुवारीही वाजल्या. मी खिडकीत उभी राहून हात हलवला.

बागेतला ईमेल बाहेर आला तो थेट 10 जानेवारी 2022 ला, वीस महिन्यांनी. त्या रात्री मी वही काढली आणि नववा फोन शोधला. दुसऱ्याच दिवशी संसदेत उत्तर आयर्लंडचे खासदार जिम शॅनन प्रश्न विचारायला उठले, एकटीच गेलेल्या सासूची आठवण निघाली आणि त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. (जावई सासूसाठी भर संसदेत रडला, ह्याचं आमच्या भिशीत फार कौतुक झालं.)

तर चिडवलं कोणी? बातमी वर्तमानपत्रांनीच काढली, खोटं कशाला बोलू. डेली मिररने 30 नोव्हेंबर 2021 ला सुरुवात केली. पण पुढचं काम लोकांनी आपापल्या घरी बसून केलं. रांगेत, बस स्टॉपवर, वाण्याकडे एकच बोलणं: त्या दिवशी आपण कुठे होतो? कोणी फोनमधले फोटो मागे मागे सरकवत होतं, कोणी जुने मेसेज काढत होतं. ज्याच्याकडे वही नव्हती त्याच्याकडे क्रेमेटोरियमची पावती होती.

आणि ते हसणं. ते मी विसरायला तयार नाही. 7 डिसेंबर 2021 ला आयटीव्हीने एक व्हिडिओ दाखवला, वर्षभर जुना. पंतप्रधानांच्या प्रसिद्धी सचिव अ‍ॅलेग्रा स्ट्रॅटन पत्रकारांना उत्तरं द्यायची तालीम करतायत. सहकारी पत्रकार बनून विचारतात, शुक्रवारी रात्री तिकडे पार्टी झाली म्हणे? बाई हसतात. चीज आणि वाइनचा विषय निघतो, मग ती पार्टी नव्हतीच, कामाची बैठक होती अशी गंमत होते. तो शुक्रवार म्हणजे 18 डिसेंबर 2020. शनिवारी जॉन्सन यांनी लंडनकरांचा नाताळ रद्द केला होता.

थकलेल्या माणसाने दोन घोट घेतले हे मी समजू शकते. आमचे डॉक्टरही घेत असतील, आपापल्या घरी जाऊन. पण नियम नीट कळला नव्हता ही जी सबब पुढे सगळ्यांनी सांगितली, ती त्या हसण्यापुढे टिकत नाही. न कळलेल्या गोष्टीवर माणूस असं हसत नाही. आता ह्यातली गंमत बघा, स्ट्रॅटनबाई त्या पार्टीला गेल्याच नव्हत्या आणि पहिला राजीनामा त्यांचा, तोही डोळे पुसत. चोर सोडून संन्याशाला फाशी इथेही चालतं.

मे 2022 मध्ये सनदी अधिकारी स्यू ग्रे यांचा अहवाल आला. लोक त्यातले फोटो बघत होते, मी सफाईवाल्यांचा उल्लेख शोधत होते. सापडला. त्याच शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईला आलेल्या माणसाला भिंतीवर आणि फोटोकॉपीच्या कागदांच्या खोक्यांवर लाल वाइन सांडलेली दिसली. सफाई आणि पहाऱ्याच्या कर्मचाऱ्यांना ह्या लोकांनी नीट वागवलं नाही, असंही त्यात लिहिलंय. इस्पितळात जन्म काढलेली बाई कोणत्याही घराची परीक्षा ह्याच गोष्टीवरून करते. आमच्या मजल्यावर फरशी पुसणारा नायजेरियन मुलगा मास्क पुरत नव्हते तेव्हाही रोज येत होता. ती भिंत पुसणारा कोण होता, मला त्याचा विचार येतो.

राणीचं तुम्हाला माहीत असेल. 17 एप्रिल 2021 ला नवऱ्याच्या अंत्यविधीला ती काळा मास्क लावून बाकावर एकटी बसली होती. मला राजघराण्याचं विशेष प्रेम नाही, तरी तो फोटो बघून मी चहा खाली ठेवला. आदल्या रात्री पंतप्रधानांच्या कचेरीत दोन निरोपसमारंभ झाले होते. जॉन्सन स्वतः तिथे नव्हते, पण सूटकेस नेऊन दुकानातून बाटल्या भरून आणल्याच्या आणि त्यांच्या लहान मुलाचा बागेतला झोका मोडल्याच्या बातम्या आल्या. राजवाड्याची माफी मागावी लागली. राणीची मागितली. कार पार्कमधल्या दोघींची कोण मागणार?

खुर्चीचं मात्र तुम्ही ऐकलंत ते पुरतं खरं नाही. पोलिसांनी 83 जणांना मिळून दंडाच्या 126 नोटिसा दिल्या. एप्रिल 2022 मध्ये जॉन्सन, त्यांची पत्नी आणि अर्थमंत्री ऋषी सुनक ह्या तिघांना वाढदिवसाचा दंड झाला. तरी जॉन्सन राहिले. जूनमध्ये स्वतःच्या खासदारांचा अविश्वास ठरावही 211 विरुद्ध 148 असा परतवला. गेले ते जुलैत, एका उपमुख्य प्रतोदाच्या नेमणुकीच्या वेगळ्याच प्रकरणात, तेव्हा मंत्र्यांची राजीनामे द्यायला रांग लागली. पण आधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती, असं मला वाटतं. नियम पाळले गेले असं ते संसदेत उभं राहून म्हणाले होते. हक्कभंग समितीने जून 2023 मध्ये निवाडा दिला की त्यांनी सभागृहाची दिशाभूल केली, खासदार असते तर 90 दिवस निलंबित करा म्हटलं असतं. निवाड्याची कुणकुण लागताच ते खासदारकी सोडून गेले होते. सभागृहाने तो अहवाल 354 विरुद्ध 7 मतांनी मान्य केला. 50 पौंडांचा दंड आणि संसदेतलं खोटं ह्यांत इथे फार अंतर मानतात, ही एक गोष्ट मला ह्या देशाची आवडते.

जावयांची पोटरी आता बरी असेल. त्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : ताई, माझे वडील वारकरी होते. पस्तीस वर्षं त्यांनी वारी चुकवली नाही. 2020 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि बाबा सिन्नरला घरीच बसले. म्हणाले, माउलीच बसमधून गेली तर मी कोण. 2021 च्या एप्रिलमध्ये ते कोविडने गेले. आम्हाला चेहरासुद्धा नीट दिसला नाही. त्याच दिवसांत मंदिर बंद होतं आणि पंढरपूरला पोटनिवडणुकीच्या सभा चालू होत्या. टीव्हीवर ती गर्दी बघितली तेव्हापासून माझ्या मनात जे बसलंय ते जात नाही. घरचे म्हणतात, सोड आता. तुमचा राग गेला का?

उत्तर : नाही गं बाळा, गेला नाही. आणि तुझा जावा म्हणून काही युक्ती सांगावी, तर माझ्याकडे ती नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पंढरपूर-मंगळवेढ्याचं मतदान 17 एप्रिल 2021 ला होतं, आणि त्या आठवड्यात राज्यात अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती. सभा सगळ्याच पक्षांनी घेतल्या, म्हणून कोणा एकाला शिव्या देऊन मोकळं होण्याची सोयही तुला नाही. त्याआधी फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांनी गर्दी टाळा म्हणून राज्याला सांगितलं, आणि दोनच दिवसांत त्यांच्याच एका मंत्र्याच्या दौऱ्याला पोहरादेवीत झुंबड उडाली. इथे बसून मी ते फोनवर बघितलं होतं.

तुला एक सांगते, गुरुजींच्या उत्तरात लिहायचं टाळलं. जॉन्सन प्यायले की नाही ह्याने माझी झोप जात नाही. माझी झोप जाते ती मी 'नाही' म्हटलं म्हणून. त्या दोघींना मागच्या जिन्याने वर नेणं मला जमलं असतं. सिस्टर ओळखीची होती, दार माहीत होतं. पाच मिनिटांनी जग बुडालं नसतं. पण मी नियमावर विश्वास ठेवला होता, आणि विश्वास ठेवायला कारण होतं. आमच्याच दोन नर्स त्या महिन्यात व्हेंटिलेटरवर होत्या. नियम बरोबर होता, आजही मी तेच म्हणेन. पण तो ज्यांनी लिहिला त्यांनी तो मोडला, आणि त्यामुळे मी केलेलं बरोबर काम मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. हे त्यांनी माझं काय नेलं, त्याला मराठीत शब्द मला सापडत नाही. तुझ्या बाबांच्या वारीचंही असंच काहीसं झालं असावं. ते घरी बसले ते कोणाच्या धाकाने नव्हे. त्यांनी आपल्या हाताने दिलेली वस्तू होती ती.

मी केलं ते एवढंच: इथे सरकारी कोविड चौकशी चालू झाली, निवृत्त न्यायाधीश हेदर हॅलेट तिच्या प्रमुख. सामान्य लोकांनी आपला अनुभव लिहून द्यावा अशी तिथे सोय केली होती. मला दोन संध्याकाळी लागल्या. 'सगळ्यांना सारखाच आहे' हे वाक्य मी कोणाला सांगितलं, किती वाजता सांगितलं, तेही लिहिलं. पाठवल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. पण दमले आणि त्या रात्री झोपले.

आपल्याकडे असं टपालपेटीसारखं काही झालं नाही. तरी तू लिहून काढ. बाबांना कोणत्या दिवशी ताप आला, बेड कधी मिळाला, शेवटचा फोन किती वाजता, ते काय म्हणाले. पस्तीस वर्षांच्या वाऱ्याही लिही, कोणत्या दिंडीतून जायचे, मुक्कामाला कोणाकडे उतरायचे. आणि घरच्यांना सांग, सोड म्हणू नका. त्यांनाही दोन ओळी लिहायला लाव, तुला आठवत नसलेलं काहीतरी निघेलच.

प्रश्न : मावशी, मी पुण्याचा. सप्टेंबरमध्ये एमएस्सी करायला लंडनला येतोय. एक शंका: तुम्ही लोक एवढे चिडला होतात, तर ज्यांना त्याच केकचा दंड झाला त्या ऋषी सुनकना पंतप्रधान कसं केलंत? आणि दुसरं, ह्या सगळ्याचं तिथे बघण्यासारखं काही आहे का?

उत्तर : आम्ही नाही केलं, त्यांच्या पक्षाच्या खासदारांनी केलं, ऑक्टोबर 2022 मध्ये. आम्हाला विचारलं ते 4 जुलै 2024 ला, तेव्हा त्यांच्या पक्षाचे 121 खासदार उरले. त्याला महागाई होती, इस्पितळातल्या रांगा होत्या, चौदा वर्षांचा कंटाळा होता. केकला उगाच सगळं श्रेय देऊ नकोस. तेव्हाचे विरोधी नेते किअर स्टार्मर यांच्यावरही डरहॅममध्ये बिअर आणि करी घेतल्याचा आरोप झाला होता. दंड झाला तर पद सोडीन, असं ते म्हणाले. पोलिसांनी दंड केला नाही. तो जुगार होता की सचोटी, ह्यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

डरहॅमवरून आठवलं. जॉन्सन यांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाऊनमध्ये लंडन सोडून तिकडे गेले आणि 12 एप्रिल 2020 ला बायको-मुलाला घेऊन तीस मैलांवरच्या बर्नार्ड कॅसलला जाऊन आले. कारण काय, तर लंडनला परतण्याआधी आपली नजर गाडी चालवण्याइतकी ठीक आहे ना ते पाहायचं होतं! मिरजेत नजर तपासायला माणूस डॉक्टरकडे जातो. नेमके त्याच दिवशी जॉन्सन कोविडमधून बरे होऊन सेंट थॉमस इस्पितळातून बाहेर पडले आणि न्यूझीलंडची एक आणि पोर्तुगालचा एक अशा दोन नर्सचे त्यांनी आभार मानले. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्या न्यूझीलंडच्या मुलीने राजीनामा दिला. आम्हाला मान मिळत नाही आणि पगारही नाही, असं तिचं म्हणणं होतं.

बघायला ये म्हणशील तर तिथेच ये. वेस्टमिन्स्टर स्टेशनला उतर, पूल ओलांड, पलीकडे सेंट थॉमस लागेल. पायऱ्या उतरून नदीकाठाने लॅम्बेथ पुलाकडे चालायला लाग. डाव्या हाताला इस्पितळाची भिंत, तिच्यावर लाल बदाम, अर्धा किलोमीटर. एक बदाम एका माणसाचा. मेलेल्यांच्या घरच्यांनी मार्च 2021 मध्ये हाताने काढायला सुरुवात केली, आता ते दोन लाखांच्या वर गेलेत. नदीपलीकडे बरोबर समोर संसद आहे, तिच्या खिडक्यांतून ही भिंत दिसते. पहिल्या रंगाचे बदाम उन्हापावसाने गुलाबी पडले, म्हणून काही मंडळी शुक्रवारी ब्रश आणि रंग घेऊन येतात आणि ते परत लाल करतात. फोटो काढायचा असेल तर त्यांना आधी विचार.

काही नावं देवनागरीतही सापडतील, अक्षर बारीक आहे, चष्मा विसरू नकोस. आणि कानटोपी घे. नदीवर सप्टेंबरातसुद्धा वारा बोचतो.